आपत्ती व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी देणगी: शुल्कापलीकडचा खर्च कोण उचलणार?

प्रश्न थोडक्यात असा. एका विद्यापीठातल्या आपत्ती व्यवस्थापन विभागात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विचारलं आहे, की पुरात घरातलं माणूस गेलेल्या एका कुटुंबाला त्याच्या स्मरणार्थ विभागाला देणगी द्यायची आहे. दर वर्षी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या एका विद्यार्थ्याचं शुल्क भरावं, असं त्यांच्या मनात आहे. हे योग्य आहे का, आणि योजना कशी बसवावी? शिवाय विभागातले बाकीचे विद्यार्थी बाहेरच्या शिष्यवृत्त्यांबद्दल सतत विचारत असतात, त्यांना काय सांगावं?

मी आधी मदतकार्यात आणि पुढे प्रशिक्षणात काम केलं, आणि शिष्यवृत्त्यांच्या निवड समित्यांवरही बसत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: देणगी जरूर घ्या, पण ती पहिल्या क्रमांकाच्या शुल्कात घालू नका. या विषयात विद्यार्थी बहुतेक वेळा शुल्कापाशी अडत नाही. शुल्कासाठी कर्ज मिळतं, सरकारी सवलत असते, विद्यापीठाची माफी असते, घरचे कुठून तरी जमवाजमव करतात. तो अडतो दुसऱ्या वर्षी, वर्गाबाहेर पडायची वेळ येते तेव्हा. आणि नेमक्या त्याच खर्चाला कुठल्याच योजनेत रकाना नसतो.

हा खर्च कसला, ते सविस्तर सांगते, कारण देणगीदारांना तो दिसत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या पदवीत इंटर्नशिप असते. ती बहुधा एखाद्या प्रशासनाच्या नियंत्रण कक्षात, अग्निशमन दलात, रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात किंवा मदतकार्य करणाऱ्या संस्थेत करायची असते आणि बहुतेक ठिकाणी तिचे पैसे मिळत नाहीत. दोन-तीन महिने दुसऱ्या गावात राहायचं, रोज जायचं-यायचं, रात्रपाळी असेल तर परतीला वाहन मिळत नाही म्हणून जवळच खोली घ्यायची. प्रबंधासाठी क्षेत्रभेटी आल्या की आणखी भर. प्रवास, मुक्काम, स्थानिक दुभाषी, अपघात विमा, लसी, चिखलात टिकतील असे बूट, हेल्मेट, पॉवर बँक, नकाशांच्या छापील प्रती. प्रथमोपचार आणि शोध-बचावाची प्रमाणपत्रं वेगळी, त्यांची फी वेगळी. आणि या सगळ्यापेक्षा मोठा आकडा कुणी लिहूनच ठेवत नाही, तो म्हणजे बुडालेल्या कमाईचा. शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्या मुलीला तीन महिने विनामोबदला इंटर्नशिप करायची म्हणजे ते काम सोडावं लागतं, आणि परत आल्यावर ते मिळेलच असं नाही.

मग काय होतं? ज्याच्या खिशाला परवडतं तो पूरक्षेत्रात जातो. ज्याला परवडत नाही तो वसतिगृहाच्या खोलीत बसून इतरांच्या अहवालांवरून प्रबंध लिहितो. दोघांना पदवी सारखीच मिळते, पण नोकरीच्या मुलाखतीत पहिल्याकडे सांगण्यासारखं काही असतं आणि दुसऱ्याकडे संदर्भसूची असते. पूररेषेच्या आत वाढलेला, तिथली बोली जाणणारा, पाणी कुठून शिरतं हे ठाऊक असलेला विद्यार्थी यात दुसऱ्या बाजूला ढकलला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. या क्षेत्राला त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.

हा विषय उभा राहिला तोच मुळी घटनास्थळी असलेल्या विद्यार्थ्यांच्या जोरावर. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. त्या वेळी तिथे चर्चमध्ये सेवा करणारे सॅम्युएल प्रिन्स पुढे कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, आणि या स्फोटानंतर शहर कसं बदललं यावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तींच्या समाजशास्त्रीय अभ्यासाची सुरुवात त्यापासून मानतात. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र निघालं. हे केंद्र १९८५ पासून डेलावेअर विद्यापीठात आहे. केंद्राचं काम चालायचं ते असं, की कुठे काही घडलं की विद्यार्थ्यांनी तातडीने निघायचं, लोक आणि यंत्रणा प्रत्यक्षात कशा वागताहेत हे पाहायचं, मुलाखती घ्यायच्या. केंद्र सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मार्च १९६४ मध्ये, अलास्कात प्रचंड भूकंप झाला आणि केंद्राचं पथक अँकरेजला पोचलं. संकटात लोक सैरावैरा पळतात, लुटालूट करतात, हा समज खोडून काढणारं बरंचसं काम अशा क्षेत्रभेटींतून झालं. विद्यार्थ्यांच्या प्रवासाचे पैसे कुणीतरी आधी बाजूला ठेवले होते, म्हणून हे शक्य झालं.

याच केंद्राच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते विल्यम अँडरसन. पुढे ते या विषयातले मोठे संशोधक झाले आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारी संस्थेतही त्यांनी अनेक वर्षं काम केलं. २०१३ मध्ये ते गेले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या पत्नी नॉर्मा अँडरसन यांनी त्यांच्या नावाने ‘बिल अँडरसन फंड’ सुरू केला. तुमच्याकडे आलेल्या कुटुंबाला या फंडाची माहिती अवश्य द्या, कारण स्मरणार्थ दिलेला पैसा किती विचारपूर्वक वापरता येतो हे त्यात दिसतं. आपत्तींची झळ ज्या समाजगटांना सर्वाधिक बसते, त्यांच्यातले संशोधक या क्षेत्रात फार थोडे आहेत, हे ओळखून हा फंड अशा गटांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभा राहतो. त्यात पैशाइतकंच मोल मार्गदर्शकांचं, कार्यशाळांचं आणि एकमेकांना धरून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाचं आहे. पीएचडी अर्धवट सुटते ती पुष्कळदा एकटेपणामुळे, हे तिथे नीट लक्षात घेतलेलं दिसतं.

देणगी लहान असेल तरी हरकत नाही. कोलोराडोतल्या बोल्डरला १९७६ पासून नैसर्गिक आपत्तींविषयीचं एक केंद्र आहे, भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी उभं केलेलं. तिथल्या सहसंचालक मेरी फ्रॅन मायर्स यांच्या नावाची शिष्यवृत्ती फक्त एवढंच करते, की केंद्राच्या वार्षिक परिषदेला एरवी ज्यांना येणं परवडलं नसतं अशा निवडक लोकांचा तिथे येण्याचा खर्च उचलते. विद्यार्थीही त्यासाठी अर्ज करू शकतात. पदवीच्या शुल्काच्या मानाने ही रक्कम किरकोळ. पण त्या तीन-चार दिवसांत विद्यार्थी ज्यांचे लेख वाचत आला त्यांच्यासमोर बसतो, पुढचा मार्गदर्शक त्याला तिथे भेटतो, नोकरीची पहिली बातमी तिथे कानावर येते. याच केंद्राचं आणखी एक काम अनुकरण करण्यासारखं आहे. आपत्तीनंतर लगेच क्षेत्रात जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांना ते छोटं अनुदान देतं. पाण्याच्या खुणा भिंतीवरून पुसल्या जातात, निवारा केंद्रातली नोंदवही हरवते, लोकांच्या आठवणी एकमेकांच्या सांगण्यात मिसळतात. ही माहिती टिकत नाही, म्हणून पैसा आधीपासून तयार ठेवावा लागतो. घटना घडल्यावर समितीची बैठक, मग मंजुरी, मग धनादेश, असा क्रम लावला तर ती तहान लागल्यावर विहीर खणण्याची गत होते.

आता तुमच्या कुटुंबाच्या देणगीकडे येते.

पहिला निर्णय रकमेचा. विद्यापीठाचा वित्त विभाग बहुधा सुचवेल की कायमनिधी करा, मुद्दल ठेवा आणि उत्पन्नातून शिष्यवृत्ती द्या. कल्पना चांगली आहे, पण गणित करून पाहा. विद्यापीठं कायमनिधीतून वर्षाला साधारण चार ते पाच टक्के खर्च करतात, म्हणजे मुद्दल टिकतं आणि महागाईलाही तोंड देता येतं. एका विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्याचा जो खर्च आहे, त्याच्या किमान वीस ते पंचवीस पट मुद्दल असेल तरच हा मार्ग धरा. त्याहून कमी रक्कम कायमनिधीत अडकवली तर दर वर्षी हातात येईल ते प्रमाणपत्र आणि पुष्पगुच्छापुरतं. अशा वेळी कुटुंबाला सरळ सांगावं, की ही रक्कम दहा वर्षांत समान हप्त्यांनी खर्च करू या. दहा विद्यार्थी खरोखर घडतील, आणि दहा वर्षांनी निधी वाढवायचा की थांबवायचा हे कुटुंबाला ठरवता येईल. मुदत ठरवून संपणारा निधी कमी प्रतीचा, असं मानू नका.

दहा वर्षं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. आपत्तीच्या क्षेत्रात पैसा बातमीच्या मागे धावतो. मोठा पूर किंवा भूकंप झाला की त्या वर्षी देणगीदार रांगेत उभे असतात. पुढची दोन-तीन वर्षं काही घडलं नाही की विभागाकडे फिरकत कुणी नाही. पण माणूस तयार होतो तो त्या शांत वर्षांतच. आज प्रवेश घेतलेला विद्यार्थी जबाबदारीच्या खुर्चीवर बसायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून करारात लिहून घ्या, की दर वर्षीची रक्कम घटना घडो न घडो, सारखीच खर्च होईल. त्यातून एक छोटा हिस्सा, समजा पाचवा भाग, बाजूला काढून तातडीच्या क्षेत्रभेटींसाठी ठेवा आणि तो खर्च करण्याचा अधिकार विभागप्रमुखांना एका सहीने द्या.

दुसरा निर्णय पैसे देण्याच्या पद्धतीचा, आणि माझ्या मते चांगल्या योजना इथेच फसतात. ‘आधी खर्च करा, बिलं जोडा, मग परतावा मिळेल’ हा नियम कागदावर शिस्तीचा वाटतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्यालाच मदत मिळेल. पूरग्रस्त भागात ट्रॅक्टरवाल्याने पलीकडे सोडलं तर तो बिल देत नाही. कुणाच्या घरी चार रात्री काढल्या तर पावती कशी मागणार? म्हणून रक्कम निघण्याआधी हातात द्या, निदान तीन चतुर्थांश, आणि हिशोबासाठी बिलाच्या जागी सही केलेली साधी खर्चनोंद चालेल अशी मर्यादा ठरवा. वित्त विभाग कुरकुर करेल. त्यांच्याशी आधीच बसून मार्ग काढा, कारण योजना जाहीर झाल्यावर तो बदलणं फार अवघड जातं.

तिसरा, पात्रतेचा. ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ ही अट इतर विषयांत ठीक असेल. इथे ती अग्निशमन दलातल्या जवानाला, रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्याला, रात्रपाळी करून शिकणाऱ्या परिचारिकेला बाहेर ठेवते. हे लोक अर्धवेळ किंवा दूरस्थ पद्धतीने शिकतात आणि ते शिकलेलं दुसऱ्याच दिवशी कामावर वापरतात. त्यांना पात्र धरा. त्यांच्यासाठी आणखी एक कलम हवं: सत्र चालू असताना विद्यार्थी आपत्तीच्या कामावर तैनात झाला, तर शिष्यवृत्ती रद्द होणार नाही, पुढच्या सत्रात ढकलली जाईल. हे कलम नसेल तर परीक्षेच्या आठवड्यात वादळ आलं की विद्यार्थ्याला नोकरी आणि शिष्यवृत्ती यांतलं एक निवडावं लागतं. ज्या कामासाठी आपण त्याला शिकवतो तेच केल्याबद्दल त्याला दंड व्हावा, हे मला पटत नाही.

गुणांबद्दल कुटुंबाला समजवावं लागेल. किमान गुण ठेवा, पण त्यांच्या वर गेलेल्यांत क्रमांक गुणांवरून लावू नका. त्याऐवजी दोन पानांचा क्षेत्रकार्याचा आराखडा मागा: कुठे जाणार, काय पाहणार, कुणाशी बोलणार, तिथल्या लोकांना त्यातून काय परत देणार, खर्च किती. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याकडे चांगला आराखडा असेल तर तो निवडला जाईलच.

एक नाजूक गोष्ट. कुटुंबाने स्वतः दुःख भोगलं आहे, त्यामुळे आपत्तीग्रस्त विद्यार्थ्याला प्राधान्य मिळावं असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते योग्यही आहे. पण अर्जात ‘तुमच्यावर ओढवलेल्या प्रसंगाचं वर्णन करा’ असा प्रश्न ठेवू नका. मी असे अर्ज वाचले आहेत. विद्यार्थी त्यात स्वतःची जखम उघडी करतात, कारण त्यांना वाटतं की जितकं जास्त लिहू तितके गुण मिळतील, आणि समितीतल्या कुणालाच दोन दुःखांची तुलना करता येत नाही, करूही नये. एका चौकोनाने काम भागतं: ‘मी किंवा माझं कुटुंब आपत्तीमुळे विस्थापित झालं आहे’, हो किंवा नाही, आणि पडताळणी कार्यालयात, गोपनीय. कुटुंबाला वर्षातून एकदा विद्यार्थ्याने कामाबद्दल पत्र लिहावं, एवढी अपेक्षा पुरे. कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून कहाणी सांगायला लावू नये.

निवड समितीवर कुटुंबातल्या कुणाला घेऊ नका. बऱ्याच देशांत देणगीदाराने लाभार्थी स्वतः निवडला तर देणगीवरची करसवलत धोक्यात येते. आणि तसं नसलं तरी नाकारलेल्या विद्यार्थ्याच्या मनात शंका राहते. कुटुंबाने निकष ठरवताना हवं तितकं बोलावं, नावं मात्र समितीने ठरवावीत.

पुढे विभागाकडे विमा कंपन्या, बचाव साहित्य बनवणारे, सॉफ्टवेअर विकणारेही येतील. त्यांचा पैसा घ्यायला माझी हरकत नाही. जोखमीवरच्या बऱ्याच चांगल्या संशोधनाला विमा क्षेत्राने पैसा दिला आहे. उदाहरणार्थ, एएक्सए या विमा समूहाने २००७ मध्ये संशोधन निधी सुरू केला. पण करारात एक वाक्य असलंच पाहिजे, की विद्यार्थ्याचे निष्कर्ष देणगीदाराच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येतील. हे वाक्य मान्य नसेल तर देणगीला नम्रपणे नकार द्या. अमुक एक इशारा यंत्रणा वेळेवर वाजली नाही, असं लिहिणारा प्रबंध कपाटात पडून राहिला तर पुढच्या वेळी माणसं जातात.

कुटुंबाची देणगी नीट वापरायची तर विद्यापीठाच्या कार्यालयाशीही एक गोष्ट आधी बोलून घ्या. बाहेरून शिष्यवृत्ती मिळाली की काही विद्यापीठं स्वतः देत असलेली मदत तेवढ्याने कमी करतात. विद्यार्थ्याच्या हातात जास्तीचं काहीच पडत नाही आणि देणगी प्रत्यक्षात विद्यापीठाच्या तिजोरीत जाते. अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला, की मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये आपल्या सार्वजनिक विद्यापीठांना त्यावर कायद्याने बंधन घातलं. तुमच्या करारात ‘ही रक्कम इतर मदतीच्या वर, अतिरिक्त’ एवढे शब्द घातले की प्रश्न मिटतो. क्षेत्रकार्यासाठी दिलेली रक्कम आणि शुल्कासाठी दिलेली रक्कम यांना कराचे नियम वेगवेगळे असू शकतात, तेही हिशोबनीसाला विचारून विद्यार्थ्याला आधीच सांगा.

आता बाहेरच्या शिष्यवृत्त्या. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हे सांगा, की विषयाचं नाव घालून शोधणं थांबवा. आपत्ती व्यवस्थापन हा विद्यापीठांत तसा नवा विषय आहे. अमेरिकेत या विषयाची पहिली पदवी १९८३ मध्ये नॉर्थ टेक्सास विद्यापीठात सुरू झाली, आणि देशभरातल्या विद्यापीठांतून असे अभ्यासक्रम वाढावेत म्हणून आपत्ती व्यवस्थापन पाहणाऱ्या तिथल्या केंद्रीय संस्थेने, फेमाने, १९९४ मध्ये खास कार्यक्रम हाती घेतला. त्यामुळे फक्त याच नावाच्या शिष्यवृत्त्या जगभरात मोजक्या आहेत. आपत्ती व्यवस्थापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएईएमची, शिष्यवृत्ती हे त्यातलं ठळक नाव. तिच्या निधीत संघटनेचे सदस्य स्वतः भर घालतात, वार्षिक अधिवेशनात त्यासाठी लिलाव होतो. व्यवसायातल्या लोकांनी पुढच्या पिढीसाठी खिशातून पैसे काढावेत, ही गोष्ट मला फार आवडते. पण याखेरीज भूगोल, सार्वजनिक आरोग्य, स्थापत्य, जलविज्ञान, समाजकार्य, लोकप्रशासन, हवामानशास्त्र यांच्या नावाने असलेल्या शिष्यवृत्त्यांत आपत्तीचा विषय मांडून जागा मिळवता येते, आणि तिथे बराच पैसा आहे.

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या मोठ्या योजना विषयाचं बंधन फारसं ठेवत नाहीत, पण अनुभव मागतात. ब्रिटन सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, तासांत मोजला तर २,८०० तास, आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. जर्मनीतल्या डीएएडी या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रमांची योजना साधारण दोन वर्षांचा अनुभव पाहते. जपान आणि जागतिक बँकेची संयुक्त शिष्यवृत्ती १९८७ पासून चालू आहे, ती विकसनशील देशांतल्या, निदान तीन वर्षं काम केलेल्या लोकांसाठी. आशियाई विकास बँकेची जपानच्या पैशावर चालणारी योजना १९८८ ची. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांना सांगा, की दोन-तीन वर्षं काम करून मग अर्ज करणं हा उशीर नाही, बऱ्याच ठिकाणी तीच अट आहे. त्या काळातले स्वयंसेवेचे, पथकाच्या सरावाचे, निवारा केंद्रातल्या कामाचे तास तारखेसह लिहून ठेवायला लावा आणि वरिष्ठांची सही घ्यायला लावा. नंतर ते सिद्ध करताना फार धावपळ होते.

सरकारी नोकरीत असलेल्या तुमच्या विद्यार्थ्यांसाठी जपानचा एक वेगळा मार्ग आहे. त्सुकुबा इथलं आयचार्म हे पाण्याशी निगडित आपत्तींचं केंद्र, टोकियोतली ग्रिप्स ही धोरण-अभ्यासाची संस्था आणि जायका ही जपानची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था मिळून पूर व्यवस्थापनावर साधारण वर्षभराची पदव्युत्तर पदवी देतात. भूकंपशास्त्र आणि भूकंपरोधक बांधकाम यांसाठीही त्सुकुबालाच तशी सोय आहे. जायकामार्फत जायचं तर उमेदवाराचं नाव त्याच्या सरकारी कार्यालयाकडून पुढे जावं लागतं. अनेकांना हे माहीत नसल्यामुळे ते थेट अर्ज शोधत बसतात. वरिष्ठांशी वेळीच बोलणं, हाच तिथला पहिला टप्पा.

या सगळ्या योजनांच्या अटी दर वर्षी थोड्याफार बदलतात, म्हणून त्या वर्षाची सूचना वाचूनच अर्ज भरावा. आणि एकाच दात्यावर सगळी भिस्त ठेवू नये. २०२५ मध्ये अमेरिकेची यूएसएड ही परदेशांना मदत देणारी सरकारी संस्था बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या पैशावर चालणाऱ्या शिष्यवृत्त्या अनेक देशांत अर्ध्यावर तुटल्या. मेहनती मुलं मधल्या सत्रात अडकली. अर्ज मंजूर करण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नये, हे मात्र विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत बजावा.

अर्जाच्या मजकुराबद्दल एकच गोष्ट सांगते, एका उदाहरणाने. ढीगभर अर्जांत ‘मला समाजाची सेवा करायची आहे’, ‘आपत्ती सांगून येत नाहीत’ अशी वाक्यं असतात. ती खोटी नसतात, पण त्यावरून माणूस कळत नाही. एकदा एका अर्जदाराने नियंत्रण कक्षातल्या आपल्या रात्रपाळीबद्दल लिहिलं होतं. पुराच्या रात्री फोन येत होते आणि लोक पत्ता सांगत होते तो ‘शाळेच्या मागे’, ‘पडक्या विहिरीजवळ’, ‘दुसऱ्या गिरणीच्या अलीकडे’. बोट घेऊन निघणाऱ्या पथकाकडे मात्र घरक्रमांकांची यादी होती. त्याने पहाटेपर्यंत एका वहीत दोन रकाने आखले, लोक म्हणतात ती खूण आणि यादीतला क्रमांक, आणि पुढच्या पाळीला ती वही सोपवली. अर्जात त्याने मागितलं होतं ते एवढंच: अशा खुणांचा नकाशा पावसाळ्याआधी लोकांना बरोबर घेऊन कसा बनवायचा, हे मला शिकायचं आहे. त्याचे गुण मध्यम होते. समितीला फार चर्चा करावी लागली नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना असंच लिहायला सांगा: स्वतः पाहिलेली एक अडचण, तीत आपण काय केलं, काय जमलं नाही, आणि ते जमण्यासाठी नेमकं हेच शिक्षण का हवं. शिफारसपत्रही नामवंत प्राध्यापकापेक्षा ज्यांनी त्याला काम करताना पाहिलं आहे अशा वरिष्ठांचं असावं. खर्चाचा तक्ता खरा असावा. कमी आकडा दाखवला की पसंती मिळते असा समज आहे, पण अनुभवी समितीला अपुरा तक्ता पाहून शंका येते, की हा विद्यार्थी प्रत्यक्ष क्षेत्रात कधी गेला आहे का.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावेन. कुटुंबाशी पुढची भेट ठरवण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांत इंटर्नशिप करून आलेल्या विद्यार्थ्यांना बोलवा आणि त्यांच्याकडून खर्चाचा तपशील कागदावर घ्या, बुडालेल्या पगारासकट. ज्यांनी पैशाअभावी क्षेत्रकार्य सोडून दिलं त्यांचीही यादी करा, नावं न घालता, फक्त विषय आणि ठिकाण. हे दोन कागद कुटुंबासमोर ठेवा. रकमेची गोष्ट त्यानंतरच काढा. आणि कुटुंबाची इच्छा असेल तर पहिल्या वर्षी फक्त एका विद्यार्थ्यावर योजना चालवून पाहा, तो परत आला की त्याच्याशी बसून करारातली कलमं दुरुस्त करा आणि मगच ती कायम करा.